मदत हवी आहे: पश्चिमेच्या बाल्कनीत आत्ता कोथिंबीर, पुदिना वगैरे लावावं का? (पुणे)

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी पश्चिमेला, म्हणजे सकाळी उन्हाचा पत्ता नाही आणि दुपारी दीड-दोनला जे सुरू होतं ते सूर्य मावळेपर्यंत भाजून काढतं. होळी झाली, हवा गरम झाली आणि मला नेमकी आत्ता हुक्की आलीये की रोजच्या स्वयंपाकाला लागणारं हिरवं घरीच लावायचं. कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता, गवती चहा आणि लेकीच्या पास्त्यासाठी बेसिल. तुळस आहे आधीपासून, ती छान आहे, तिचं काही विचारत नाही.

यूट्यूबवर बघावं तर "स्प्रिंग आला, हर्ब्ज लावा" म्हणणारे सगळे थंड देशातले, त्यांचा स्प्रिंग म्हणजे आपला डिसेंबर, इथे मार्चमध्येच पारा ३५ च्या पुढे जातो आणि एप्रिलमध्ये चाळिशीला टेकतो. सासूबाई म्हणतात आत्ता कोथिंबीर लावणं म्हणजे पैसे पाण्यात, पाऊस पडू दे मग बघू. नर्सरीवाला म्हणतो काही होत नाही ताई सगळं येतं, पण तो विकायलाच बसलाय म्हणा. आता कुणाचं ऐकू? आणि लावायचंच तर कुंडी कुठली, माती कशी, पाणी दोनदा घालायचं का, हिरवी नेट लागेलच का, हे पण सांगा. प्रश्न खूप झालेत, सांभाळून घ्या.

गच्चीवरचा_माळी:
सासूबाई कोथिंबिरीपुरत्या बरोबर आहेत, बाकी यादीला त्यांचं म्हणणं लागू नाही. गवती चहा आणि बेसिल ही उन्हाळ्याचीच झाडं, त्यांना थंडीच सोसत नाही. गवती चहाचा रोपसुद्धा विकत घेऊ नका, कुणाकडे ठोंब असेल तर मुळासकट दोन-चार फुटवे मागा, पानं वीतभर ठेवून वरची कापा आणि लावून टाका. तो तुमचं चारचं ऊन आरामात खाईल, म्हणून त्याची कुंडी सगळ्यात पुढे ठेवा आणि बाकीच्यांना त्याच्या मागे सावलीत बसवा.

आधी एक सांगा, कठडा भिंतीचा आहे की नुसतं ग्रिल?

धागाकर्ती:
खाली अडीच फूट भिंत आहे, वर ग्रिल.

गच्चीवरचा_माळी:
मग अर्धं काम झालं. दुपारी चारला बाल्कनीत खाली बसा आणि भिंतीची सावली कुठवर येते ते खडूने आखा. कोथिंबीर आणि पुदिना त्या रेघेच्या आत, जमिनीलगत. फक्त टब थेट फरशीवर टेकवू नका, फरशी तापली की खालून मुळं शिजतात, दोन विटा ठेवा खाली. आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या या बाल्कनीत नकोच.

माती म्हणाल तर एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड. नर्सरीच्या पिशवीतली माती चिकट असते, वाळली की दगड होते आणि पाणी कडेने निघून जातं. पाणी सकाळी लवकर. दुसऱ्यांदा घालायचं का ते बोट सांगेल, पेरभर आत खुपसा, ओलं लागलं तर राहू द्या. वर वाळका पाला पसरलात तर बहुतेक वेळा एकदाच पुरतं.

डोंबिवलीची_आजी:
अगं कोथिंबीर लाव गं, नुसती मोठ्या जुडीची आशा धरू नकोस. उन्हाळ्यात तिला दम नसतो, जरा वाढली की दांडा वर काढते आणि फुलावर येते. मग पानं अशी शेपूसारखी बारीक होतात, ती दिसली की समजायचं संपलं, उपटून चटणीत घाल.

धणे जुने नकोत. पोळपाटावर टाकून लाटणं हलक्या हाताने फिरवायचं, दोन फाका झाल्या पाहिजेत, चुरा नाही. एका धण्यात दोन बिया असतात म्हणून हे करायचं. मग रात्रभर पाण्यात, सकाळी ओल्या फडक्यात बांधून ठेव, टोक फुटलेलं दिसलं की पेर. सहा इंच खोल पसरट टब पुरतो. पेरल्यावर गोणपाट ओलं करून वर टाकायचं आणि अंकुर दिसले की त्याच दिवशी काढायचं, नाहीतर पिवळी पडतात. रोप उपटून दुसरीकडे लावायच्या भानगडीत पडू नकोस, सोटमूळ असतं, दुखावलं की बसलीच. आणि सगळे धणे एकदम पेरू नकोस. दर पंधरवड्याला मूठभर पेर म्हणजे आमटीवर भुरभुरवण्यापुरती मिळत राहते. मे-जूनमध्ये बाजारातली जुडी कडाडते तेव्हा तेवढीही पुष्कळ वाटते.

पुदिनाप्रेमी:
पुदिन्यासाठी बी शोधत बसू नका, भाजीवाल्याच्या जुडीतल्या जाड दांड्या घ्या. पेराच्या जरा खाली कापायचं, खालची पानं काढायची, ग्लासात पाण्यात ठेवायच्या, पाणी रोज बदलायचं. आठवडाभरात पांढरी मुळं दिसतात. लावताना त्याला स्वतंत्र कुंडी द्या, खोल नको, रुंद हवी. हा धावरे टाकून पसरतो, कोथिंबिरीच्या टबात लावलात तर महिन्याने तिथे फक्त पुदिनाच असेल.

आणि बेसिलसाठी एक स्वस्तातली युक्ती. किराणा दुकानातला सब्जा पेरा. जात तीच, फक्त वास इटालियन बेसिलपेक्षा वेगळा येतो, पास्त्यात चालवून घ्यावा लागेल, लेक नाक मुरडेल कदाचित. बी नुसतं मातीवर भुरभुरवा, खोल पुरू नका. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा आणि तुरे येतील तसे काढत राहायचे, नाहीतर पानं कमी येतात.

धागाकर्ती:
सब्ज्याचं माहीतच नव्हतं, आजच पेरते, घरात डबाभर आहे फालुद्यासाठी आणलेला. कढीपत्त्याचं कुणीच बोललं नाही? शेजारच्या काकू म्हणतात रोज ताक घाल.

गच्चीवरचा_माळी:
रोज नको. पंधरा दिवसांतून एकदा पातळ आंबट ताक ठीक आहे, रोज घातलंत तर मुंग्या आणि वास. बी आत्ता मिळणार नाही, फळं पावसाळ्यात पिकतात आणि बी ताजंच रुजतं, त्यामुळे रोपच आणा. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे जाणं झालं तर तिथल्या नर्सऱ्यांत बघा. पहिलं वर्ष कढीपत्ता हलत नाही, रोज उठून बघू नका. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर लोह कमी पडतंय, बोअरच्या जड पाण्याने होतं हे बऱ्याचदा.

आणि पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर नीट बघा, ती फुलपाखराची अळी असते. पुढे हिरवी होते आणि लहान रोप दोन-तीन दिवसांत साफ करते. मी हाताने उचलून मोठ्या झाडावर नेऊन सोडतो, औषध मारत नाही, पानं आपण खाणार आहोत.

धागाकर्ती:
दोन अडचणी राहिल्या. सोसायटी बाहेरून हिरवी नेट लावू देत नाही. आणि कबुतरं! तुळशीच्या कुंडीत येऊन बसतात मेली. शिवाय मेमध्ये आठवडाभर गावाला जाणार, तेव्हा पाण्याचं काय?

डोंबिवलीची_आजी:
नेट कशाला, जुनी सुती साडी ग्रिलला आतून बांध, दुपारी ओढायची, संध्याकाळी सोडायची. आतल्या बाजूला कोण बघतंय. कबुतरांसाठी खराट्याच्या काड्या मातीत उभ्या खोच, चार-चार बोटांवर, त्यांना बसायला जागाच राहत नाही.

गावाला जाताना बाल्कनीत काही ठेवू नकोस. सगळ्या कुंड्या आत उजेडाच्या खिडकीजवळ घे, मध्ये पाण्याची बादली स्टुलावर ठेव आणि जाड सुती दोऱ्याचं एक टोक बादलीत तळापर्यंत, दुसरं कुंडीत खोचून ठेव. दोरा आधी पूर्ण भिजवून घे, कोरडा ठेवलास तर पाणी ओढत नाही. जायच्या आधी दोन दिवस लावून बघ, कुणाचं भागतंय कुणाचं नाही ते कळेल. कोथिंबीर तेवढी कापून फ्रीजमध्ये टाक, ती काही आठवडाभर थांबायची नाही.