घरच्या व्यायामानंतरची अंगदुखी

प्रश्न (फोंडा): घरीच सुरू केलेल्या कठोर व्यायामामुळे मांड्या इतक्या भरून आल्या आहेत की जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि पहाटे चटई अंथरायचीही इच्छा होत नाही. व्यायाम थांबवावा का?

उत्तर (पणजी): थांबवू नका, हलका करा. हे दुखणे, अनेकांना वाटते तसे, व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लामुळे नव्हे, तर सवय नसलेल्या ताणाने स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे होते; २४ ते ७२ तासांत ते सर्वाधिक जाणवते आणि मग ओसरते. तोवर मिरामारच्या ओल्या वाळूवरून सावकाश चालावे.

उत्तर (मडगाव): आपल्या दमट हवेत घाम फार जातो, म्हणून मीठ घातलेली पेज घ्यावी. लघवी काळपट झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

उत्तर (डिचोली): उत्साहाची वाट पाहू नका, कंटाळा आलेल्या दिवशी दहाच मिनिटे करा, पण वेळ चुकवू नका.