‘बरं होणारच’ असं म्हणत राहणं हीच श्रद्धा का?

मुक्ता

बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज, यकृतात पसरलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की केमोने थोडा वेळ मिळेल, पण आजार जाणार नाही. त्या दिवसापासून घरात रोज सामूहिक प्रार्थना होते. मीही बसते आणि मनापासून बसते, कारण माझा देवावर विश्वास आहे.

पण प्रार्थनेसोबत एक नियमही आला: मरण हा शब्द घरात काढायचा नाही. डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या टीमला भेटायला सांगितलं, तर दादा म्हणाला, "त्यांना बोलावलं म्हणजे आपण देवावरचा भरवसा सोडला." परवा बाबा मला कपाटाची किल्ली देऊन कागदपत्रं कुठे आहेत ते सांगायला लागले होते. तेवढ्यात आई आत आली. बाबांनी लगेच वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. किल्ली माझ्या हातातच राहिली.

माझं मत असं: बाबांना बोलायचं आहे आणि आमची श्रद्धा त्यांना बोलू देत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सदानंद

पूर्ण असहमत. माझी पत्नी याच आजारातून गेली, म्हणून लिहितो आहे. ती सकाळी उठून केमोला जायला तयार व्हायची ती फक्त 'आपण यातून बाहेर पडणार' या एका विश्वासावर. डॉक्टर 'सरासरी' सांगतात तेव्हा साधारण निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगलेले असतात, हे कोणी समजावून सांगत नाही. आपला माणूस त्या दुसऱ्या निम्म्यात असेल, असं मानण्यात काय गुन्हा आहे?

आणि तुमच्या आईचा विचार करा. तिला आत्ता त्या प्रार्थनेशिवाय दुसरा आधार नाही. तो काढून घेऊन तुम्ही तिच्या हातात काय देणार आहात, मुक्ताताई?

काठावरचा

मी नास्तिक आहे, तरी आईंची प्रार्थना थांबवा असं म्हणणार नाही. पण प्रार्थनेने आजार हटतो असा दावा असेल तर त्याची तपासणी झालेली आहे. 2006 साली अमेरिकेत हृदयाची बायपास झालेल्या 1,802 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना केली जातेय की नाही, हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यात प्रार्थनेने काहीच फरक पडला नाही. 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय' असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंती उलट थोड्या जास्तच आढळल्या, 59 टक्के.

सदानंद

तो अभ्यास मलाही माहीत आहे. त्यात प्रार्थना करणारे अनोळखी लोक होते, कागदावरचं नाव वाचून प्रार्थना करणारे. घरच्यांची प्रार्थना कोणत्याच गटात थांबवलेली नव्हती, थांबवता येणारही नव्हती. पलंगाशेजारी बसून हात धरणाऱ्या बायकोबद्दल तो अभ्यास काहीही सांगत नाही.

निशिगंधा

सदानंदजी, हा मुद्दा मान्य. मी पॅलिएटिव्ह विभागात परिचारिका आहे. मुक्ताताईंच्या दादांसाठी लिहिते, कारण त्यांचं वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे.

आम्ही आलो म्हणजे उपचार थांबले, असं नसतं. केमो चालू असतानाच आम्ही काम करतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटातलं दुखणं पाठीत जातं, आडवं झालं की वाढतं, म्हणून माणूस रात्रभर पुढे वाकून बसून काढतो. त्यावर मॉर्फिन आहे. ते पुरलं नाही तर पोटातल्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन वेदना कमी करता येते. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतं, म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागतं. कावीळ झाली की अंगाला खाज सुटते, तिच्यावरही उपाय आहेत. यातल्या कशाने देवाचा अपमान होतो?

2010 मध्ये फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवरचा अभ्यास आला. सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांना नैराश्य कमी होतं, त्यांचे दिवस जास्त बरे गेले आणि ते सुमारे पावणेतीन महिने जास्त जगलेही. आयुष्य वाढतंच असा दावा मी करत नाही, पुढच्या अभ्यासांत तो फरक दरवेळी दिसलेला नाही. पण आम्हाला बोलावल्याने मरण जवळ येतं ही भीती मात्र खोटी आहे.

दादांना हेही सांगा की 1967 मध्ये लंडनमध्ये आधुनिक हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स अतिशय श्रद्धाळू होत्या. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर. शरीराच्या दुखण्याबरोबर मनाचं, नात्यांचं आणि आध्यात्मिक दुखणंही असतं, हे त्यांनीच आग्रहाने मांडलं.

काठावरचा

आणि श्रद्धेची एक बाजू कोणी बोलत नाही. 2009 च्या एका अमेरिकन अभ्यासात, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये श्रद्धेचा सर्वाधिक आधार घेणाऱ्यांना अखेरच्या आठवड्यात व्हेंटिलेटर लागण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जवळपास तिप्पट होतं. चमत्काराची वाट बघणारं घर 'थांबा' म्हणू शकत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

सायली

तुम्ही सगळे रुग्णाच्या डोक्यावरून बोलता आहात. मी रुग्ण आहे. स्तनाचा कॅन्सर, हाडांत गेलेला.

मीही प्रार्थना करते. पण घरचे 'तू बरी होणारच, फक्त विश्वास ठेव' म्हणतात तेव्हा काय होतं ते सांगते. स्कॅन खराब आला की आजार वाढल्याच्या दुःखासोबत दुसरं ओझं येतं: माझाच विश्वास कमी पडला. मग मी रडतेसुद्धा बाथरूममध्ये नळ सोडून, कारण बाहेर रडले तर माझी श्रद्धा डळमळली असं त्यांना वाटेल. मी देवाकडे आता बरं कर असं मागत नाही. भीती वाटेल तेव्हा एकटी नको ठेवूस, एवढंच मागते. हे मागणं घरात मोठ्याने म्हणता येत नाही, याचा मला फार राग येतो.

सदानंद

सायलीताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. 'विश्वास ठेव' हे वाक्य आजाऱ्याच्या अंगावर परीक्षेसारखं पडू नये, हे मान्य.

पण सगळे तुमच्यासारखे नसतात. काहींना खरोखरच जाणून घ्यायचं नसतं, तोही त्यांचा हक्क आहे. 'सत्य स्वीकारा' म्हणत मागे लागणारे नातेवाईकही मी पाहिलेत. तीही जबरदस्तीच.

निशिगंधा

म्हणून तर आधी विचारायचं. आम्ही सांगायला सुरुवात करत नाही. "तुम्हाला आजाराबद्दल किती जाणून घ्यायला आवडेल?" असं विचारतो. "मुलाशी बोला, मला नको" असं उत्तर आलं तर तेही पाळतो. मुक्ताताई, तुमच्या बाबांनी तर न विचारताच किल्ली दिली आहे. त्यांचं उत्तर मिळालेलं आहे.

मुक्ता

सायलीचं लिहिणं दादाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. रात्री येऊन म्हणाला, "बोलाव त्यांना, पण प्रार्थनेच्या वेळी नको, आणि आईसमोर महिन्यांचा हिशेब कोणी काढायचा नाही." मी हो म्हटलं. आईचं काय करायचं ते अजून कळत नाही. बाबांशी एकटीने बोलावं की आईला आधी सांगावं?

सायली

बाबांनाच विचार. आईला कसं आणि कधी सांगायचं हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. इतकी वर्षं त्यांनी तिच्याबरोबर काढली आहेत.

सदानंद

हे बरोबर. माझा आग्रह एवढाच उरतो: मरणाचा विषय तुम्ही काढू नका, त्यांनी काढला तर अडवू नका. पण 'आता आशा सोडा' असं त्या घरात कोणी म्हटलं, मग तो डॉक्टर असो की मुलगी, तर मी त्याच्या विरोधातच राहीन.