झ्यूस सार्पिडॉनला वाचवू शकत होता का? ग्रीक महाकाव्यांतील देव, वीर आणि नियती

प्रश्न (वाचनमग्न)

ट्रॉयच्या युद्धावरील होमरच्या 'इलियड' या महाकाव्याच्या सोळाव्या सर्गातील एका प्रसंगापाशी मी अडलो आहे. ट्रॉयच्या बाजूने लढणारा लिशियाचा राजा सार्पिडॉन हा प्रत्यक्ष देवराज झ्यूसचा मुलगा. तो ग्रीक वीर पॅट्रोक्लसच्या हातून मरणार हे दिसू लागताच झ्यूस व्याकूळ होतो आणि त्याला रणांगणातून उचलून मायदेशी सुखरूप नेऊन ठेवावे का, असा विचार पत्नी हेरापाशी बोलून दाखवतो. ज्याचे मरण केव्हाच ठरून गेले आहे अशा मर्त्य माणसाला सोडवायचे असेल तर खुशाल सोडव, पण आम्हा बाकीच्या देवांना ते मान्य होणार नाही, असे हेरा त्याला सुनावते. झ्यूस तिचे ऐकतो, मुलासाठी पृथ्वीवर रक्ताचा पाऊस पाडतो आणि सार्पिडॉन मारला जातो.

नियती देवांहून श्रेष्ठ असेल, तर झ्यूससमोर असा पर्याय उभाच कसा राहतो? आणि ती श्रेष्ठ नसेल, तर देवांच्या राजाने आपल्या मुलाला मरू का दिले? माझा दुसरा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. मृत्यू आधीच ठरलेला असेल, तर ट्रॉयचा हेक्टर, ग्रीकांचा अकिलीस यांच्या शौर्याचे आणि चुकांचे श्रेय किंवा दोष त्यांच्याकडे कसा जाईल?

उत्तर (सागरतीर)

हेराचे बोलणे पुन्हा एकदा बारकाईने वाचावे, असे मी सुचवीन. तुला हे करता येणार नाही, असे ती कुठेही म्हणत नाही. तिचा मुद्दा वेगळा आहे. ट्रॉयभोवती देवांची कितीतरी मुले लढत आहेत. आज तू आपल्या मुलाला सोडवलेस, तर उद्या प्रत्येक देव आपापल्या मुलासाठी तेच करू पाहील, हा तो मुद्दा आहे. सामर्थ्य झ्यूसकडे आहे, पण ज्या व्यवस्थेचा तो राजा आहे ती व्यवस्था ते सामर्थ्य वापरल्यास मोडेल. म्हणून तो थांबतो, आणि निद्रा व मृत्यू या जुळ्या भावांकरवी मुलाचे शव लिशियाला पाठवण्याची सोय करतो. ही मला साऱ्या महाकाव्यातील अत्यंत करुण जागांपैकी एक वाटते, कारण येथे शोक करणारा बाप सर्वशक्तिमान आहे.

बाविसाव्या सर्गात हाच पेच हेक्टरच्या बाबतीत पुन्हा येतो. हेक्टरने आजवर किती बळी अर्पण केले हे आठवून झ्यूसला त्याची कणव येते, आणि या वेळी त्याची मुलगी अथीना त्याला जवळजवळ हेराच्याच शब्दांत अडवते. नंतर झ्यूस सोन्याचा तराजू उचलतो, हेक्टरचे पारडे खाली जाते आणि त्याच क्षणी हेक्टरचा पाठीराखा देव अपोलो त्याला सोडून निघून जातो. तराजू हेक्टरचे मरण ठरवतो, असे मला वाटत नाही. जे अटळ आहे ते झ्यूस तेथे सर्वांसमोर मान्य करतो, असा मी त्या प्रसंगाचा अर्थ लावतो.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. विसाव्या सर्गात अकिलीसच्या तावडीतून ट्रॉयच्या ईनिअसला सोडवतो तो पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा पक्षपाती देव. ईनिअसने जगावे आणि ट्रॉयच्या राजघराण्याचा मूळपुरुष डार्डनस याचा वंश खुंटू नये असे ठरलेले आहे, म्हणून तो शत्रुपक्षातील वीराला वाचवतो. दुसऱ्या सर्गात तर कवी स्पष्टच सांगतो की, हेराने अथीनाला धाडले नसते तर ग्रीक सैन्य नियतीत नसतानाही घरी परतले असते. म्हणजे होमरच्या कल्पनेत नियतीची चौकट मोडली जाऊ शकते. ती मोडू नये म्हणून देव सतत धावपळ करीत असतात. कवी हेसिअडने देवांच्या वंशावळीवरील 'थिऑगनी' या काव्यात मोइरांना, म्हणजे क्लोथो, लॅकेसिस आणि ॲट्रोपॉस या नियतीदेवतांना, एकदा रात्रीच्या मुली म्हटले आहे आणि पुढे झ्यूस व न्यायदेवता थेमिस यांच्या. या दोन वंशावळी वरकरणी एकमेकींशी जुळत नाहीत, परंतु नियती झ्यूसहून जुनी आहे आणि तरीही त्याच्या राज्याचा भाग आहे, ही जाणीव मला त्या दोहोंतून मिळून दिसते.

उत्तर (प्राचीपट)

वरील विवेचन होमरपुरते मला पटते, मात्र ते सर्व ग्रीक साहित्याला लागू करू नये. नाटककार एस्किलसच्या नावावर असलेल्या 'बंदिस्त प्रोमिथियस' या नाटकात, अनिवार्यतेचे सुकाणू कोणाच्या हाती आहे असे वृंद (कोरस) विचारतो, तेव्हा प्रोमिथियस मोइरा आणि सूडदेवता यांची नावे घेतो आणि झ्यूसलाही ठरलेले चुकवता येणार नाही असे सांगतो. इतिहासकार हेरोडोटसच्या पहिल्या ग्रंथातील क्रीससची कथाही पाहावी. राज्य गमावलेला हा लिडियाचा राजा डेल्फी येथील अपोलोच्या देववाणीला जाब विचारतो. ठरलेला वाटा देवालाही टाळता येत नाही, असे उत्तर त्याला मिळते: पाच पिढ्यांपूर्वीचा पूर्वज गायजीस याच्या अपराधाचे फळ त्याच्या वाट्याला आले आहे आणि अपोलोने फार तर सार्डिसचे पतन तीन वर्षे पुढे ढकलले.

आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आपण मराठी वाचक नकळत येथे कर्मसिद्धान्त आणतो. क्रीससच्या कथेत पूर्वजाचे पाप दिसते, पण स्वतःच्या मागील जन्माचे नाही. आणि सार्पिडॉनचा मृत्यू तर कोणत्याही पापाचे फळ म्हणून आलेला नाही. तो मर्त्य आहे, एवढेच त्याचे कारण आहे.

वाचनमग्न

देवांविषयीचा माझा गोंधळ बराच कमी झाला. आता माणसांच्या जबाबदारीविषयी कोणी लिहील का? विशेषतः सॉफोक्लीसच्या 'राजा ईडिपस' या नाटकातील ईडिपसबद्दल, कारण त्याला तर सुटकेची वाटच नव्हती.

उत्तर (जलरेखा)

आधी ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन. 'इलियड'च्या एकोणिसाव्या सर्गात तो भर सभेत सांगतो की, अकिलीसचा अपमान झाला त्याला कारण मी नाही. झ्यूस, मोइरा आणि अंधारात फिरणारी सूडदेवता यांनी माझ्या बुद्धीला भूल पाडली. आपल्याला ही पळवाट वाटते, परंतु त्याच भाषणात पुढे तो अमाप भरपाई देऊ करतो. देवाने भुलवले ही त्याच्या दृष्टीने घटनेची हकिकत आहे, आणि कृत्य माझ्या हातून घडले म्हणून फेड मलाच करायची आहे हेही तितकेच खरे आहे. सभेतील एकालाही यात विसंगती दिसत नाही. उलट 'ओडिसी'च्या आरंभी झ्यूस तक्रार करतो की, माणसे आपल्या दुःखांचे खापर देवांवर फोडतात, पण स्वतःच्या मूर्खपणाने नियतीपलीकडचे भोग ओढवून घेतात. अगामेम्नॉनचा खून करणाऱ्या एजिस्थसला देवदूत हर्मीसने आधीच बजावले होते, तरी त्याने ऐकले नाही.

अकिलीसच्या बाबतीत तर नियतीच दुपदरी आहे. ट्रॉयला राहिला तर अल्पायुष्य आणि अक्षय कीर्ती, घरी परतला तर दीर्घायुष्य आणि विस्मरण, हे त्याला आई थेटिसने सांगितलेले आहे. पुढे अठराव्या सर्गात, हेक्टरपाठोपाठ तुझाही मृत्यू येईल असे ती रडत सांगते, तेव्हा तो सर्व जाणून हेक्टरचा वध करायला निघतो. त्याचे शौर्य मी येथे शोधते. मृत्यूची तारीख त्याच्या हाती नसेल, पण कशासाठी मरायचे हे त्याने स्वतः निवडले आहे.

ईडिपसने पित्याला मारणे आणि मातेशी विवाह करणे डेल्फीच्या देववाणीत होते. परंतु सत्याचा पाठपुरावा त्याने करावा, जोकास्टा (त्याची पत्नी, आणि खरे तर आई) हात जोडून थांबवीत असताना मेंढपाळाला बोलवावे, हे त्या देववाणीत कुठेही नव्हते. डोळे फोडून घेतल्यावर तो म्हणतो की माझी ही दुःखे अपोलोने घडवली, पण वार करणारा हात माझा होता.

सागरतीर

जलरेखा यांच्या मताशी सहमत आहे, परंतु एक भर घालतो. अंधत्वाचे भाकीत नाटकात आहे: भविष्यवेत्ता टायरेसियस रागाच्या भरात, आज पाहणारा तू आंधळा होऊन परक्या भूमीत काठीने वाट चाचपशील, असे त्याला सुनावतो. तरीही राजवाड्यातून बाहेर येणारा दूत, आत घडलेले अनर्थ स्वेच्छेने ओढवून घेतलेले आहेत, अनिच्छेने नव्हेत, असे वृंदाला सांगतो. सॉफोक्लीसने भाकीत आणि स्वेच्छा ही दोन्ही एकाच कृत्याविषयी खरी ठरू दिली आहेत. पुढे म्हातारपणी लिहिलेल्या, आणि त्याच्या मृत्यूनंतर इ.स.पू. 401 मध्ये रंगमंचावर आलेल्या 'कोलोनसचा ईडिपस' या नाटकात तोच ईडिपस जोकास्टाचा भाऊ क्रीऑन याला बजावतो की, बापाला मी न ओळखता मारले, तेव्हा त्याबद्दल मला दोषी ठरवू नकोस. वाचनमग्न यांनी ही दोन नाटके एकापाठोपाठ वाचावीत, म्हणजे जबाबदारीच्या प्रश्नावर एकाच कवीने दोन वेळा किती वेगळा भार दिला आहे हे दिसेल.