तिसरीतल्या पोराला पायाभूत चाचणीसाठी क्लास लावायचा का?

मानेवाड्याची आई
नमस्कार. पोरगा यंदा तिसरीत गेला, अनुदानित मराठी शाळा आहे. पुण्या-मुंबईकडच्या शाळा १५-१६ जूनलाच भरतात, आपल्या नागपूरकडे उन्हामुळे जूनच्या शेवटाला, म्हणजे आत्ता कुठे दप्तराची सवय होऊन राहिली लेकराला आणि पहिल्याच पालकसभेत मॅडमनं सांगितलं की पायाभूत चाचणी होणार. झालं, सभेतून बाहेर पडत नाही तर ग्रुपवर क्लासची चौकशी सुरू! काहींनी तर स्कॉलरशिपचीही पुस्तकं आणली सीताबर्डीवरून. साऱ्या राज्याला एकच पेपर, त्यातून माझ्या पोराबद्दल खरंच काही कळते का? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा.

झेडपी मास्तर, रामटेककडचा
ताई, क्लास बिलकुल नका लावू. ही चाचणी आत्ताच्या रूपात २०२३-२४ ला सुरू झाली तेव्हापासून मी घेतो, तेव्हा तिसरी ते आठवीला होती. भाषा, गणित, इंग्रजी एवढेच विषय, आणि मागच्या वर्षाचं किती पक्कं आहे ते पाहायचं असते. घोकून आलेलं पोर आम्हाला खोटं दाखवते आणि मग त्याला जिथं मदत पाहिजे तिथं आमचं लक्षच जात नाही.
एक उदाहरण सांगतो. ५०२ वजा २६८. माझ्या वर्गात कितीतरी पोरांनी ३६६ लिहिलं. उत्तर २३४ आहे, पण ३६६ काऊन आलं? पोरं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढतात, ८ मधून २, ६ मधून ०, ५ मधून २. म्हणजे वजाबाकी येते त्यांना, हातचा घेणंच समजलं नाही, त्यात मधे शून्य आलं की गडबड पक्की. एकट्या पोराच्या वहीत मी ती चूक धांदरटपणा म्हणून सोडून दिली असती, एकाच दिवशी गठ्ठ्यात दिसली म्हणून आठ दिवस तेवढंच शिकवलं. मार्क मोबाइलवर भरून मोकळं झालं तर मात्र सारी मेहनत वाया, हे मी आमच्या मास्तर लोकांनाही सांगतो.

धंतोलीचा बाबा
सरांचं पटलं पण स्कॉलरशिपचं वेगळं आहे. ती ऐच्छिक, गुणवत्ता यादीसाठी. माझ्या मुलीनं पाचवीत दिली, दोन पेपर, प्रत्येकी १५० मार्क, दीड तासात ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंदच मिळतात. बुद्धिमत्ता चाचणी तिला मनापासून आवडली, कोडी सोडवल्यासारखी सोडवायची, पण त्या वर्षी तिचं संध्याकाळचं खेळणं मी बंद केलं याचं मला आजही वाईट वाटते. तिसरीतल्या पोराला तर बिलकुल नाही.

अंगणवाडीवाली ताई
मला एक बोलायचं आहे. आमच्याकडे एका सराव पेपरात पेरूचं चित्र होतं, पहिलं अक्षर ओळखा. माझ्या भाचीनं ‘जा’वर खूण केली, कारण घरी आम्ही सारे त्याला जामच म्हणतो. चूक धरली तिची! लेकरू रडलं न बाप्पा. सगळ्यांना एकच पेपर असला तर आपल्या बोलीचाही विचार झाला पाहिजे.

झेडपी मास्तर, रामटेककडचा
ताई, एकदम बरोबर. लेखीसोबत तोंडीही घेतो आम्ही, तिथं पोराला विचारता येते की तू हे काऊन लिहिलं. जाम म्हणणारं पोर हुशारच आहे. मानेवाडावाल्या ताई, तुम्ही शाळेत जाऊन मार्क विचारू नका, पेपर दाखवा म्हणा, आणि घरी खऱ्या नोटा घेऊन बसा त्याच्यासोबत.

मानेवाड्याची आई
सर, तुमचं वाचून रात्री लगेच बसवलं त्याला. ५०२ वजा २६८ दिलं तर पठ्ठ्यानं एका दमात ३६६ लिहिलं!! माझं तर काळीजच हललं, मी दुसरीत याच्या साऱ्या वह्या पाहिल्या होत्या रोज. मग शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात दिली, म्हटलं मी भाजीवाली, दे मला २६८. दोन नोटा पटकन दिल्या. मग उरलेल्या तीन नोटांकडे पाहत बसला बराच वेळ, वहीकडे पाहिलं, आपलं उत्तर खोडलं आणि म्हणाला, आई यातून ६८ कसे देऊ, आधी एक नोट मोडून आण न.