६५सी५१एन : ओळ पाठवताना अक्षरे गळतात, एकेक अक्षर मात्र नीट जाते

प्रश्न

मी ६५०२ प्रोसेसरचा एक छोटा संगणक ब्रेडबोर्डवर जुळवला आहे. प्रोसेसर १ मेगाहर्ट्झवर चालतो. सीरियल पोर्टसाठी ६५सी५१एन ही चिप १.८४३२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसह १९२०० बॉडवर (सेकंदाला १९२०० बिट) वापरली आहे. कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक अक्षर टर्मिनलवर बिनचूक परत येते, परंतु मेमरीतली पूर्ण ओळ पाठवली की बहुतेक अक्षरे गळून जातात. चिपची स्थिती सांगणाऱ्या स्टेटस रजिस्टरचा बिट ४ हा १ असल्याची खात्री करूनच मी पुढचे अक्षर लिहितो, आणि हाच प्रोग्रॅम रॉकवेलच्या जुन्या ६५५१ वर व्यवस्थित चालत होता. दोन आठवडे जोडण्या तपासून झाल्या. चूक नेमकी कुठे असावी?

उत्तर १

आपला प्रोग्रॅम आणि जोडणी दोन्ही बरोबर आहेत. दोष चिपमध्येच आहे आणि तो निर्मात्याच्या माहितीपत्रकातही नमूद आहे. ‘पाठवण्याचे रजिस्टर रिकामे आहे’ असे सांगणारा बिट ४ या चिपमध्ये कायम १ असतो, त्यामुळे आधीचे अक्षर अजून तारेवर जात असतानाच आपला प्रोग्रॅम त्यावर पुढचे लिहितो. १९२०० बॉडवर स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिटांना सुमारे ५२१ मायक्रोसेकंद लागतात. बोटांनी टाइप करण्याचा वेग याच्या कितीतरी मागे असल्याने तिथे दोष दिसत नाही. इंटरप्टचा (चिपने प्रोसेसरला स्वतःहून दिलेल्या इशाऱ्याचा) आधारही घेता येत नाही, म्हणून तो बंद राहावा यासाठी चिपच्या कमांड रजिस्टरचे बिट ३ आणि २ हे ‘१०’ असेच ठेवावेत.

उपाय असा, की बिट ४ तपासणे सोडून द्यावे आणि प्रत्येक अक्षर लिहिल्यावर ठरावीक वेळ थांबावे. एक्स रजिस्टर स्टॅकवर जपून त्यात १२० भरा आणि ‘डीईएक्स, बीएनई’ची (एक्समधून एक वजा करा, शून्य होईपर्यंत परत जा) फेरी चालवा. एका फेरीला ५ क्लॉक, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर एकूण ६०० मायक्रोसेकंद होतात. ५२१ च्या अगदी काठावर थांबू नये, कारण प्रोसेसर आणि ही चिप यांची क्रिस्टले वेगवेगळी असतात. सेकंदाला १९२० ऐवजी सुमारे १६०० अक्षरे जातील, आणि टर्मिनलसाठी तेवढी पुरेशी आहेत.

उत्तर २

वरचा उपाय योग्य आहे, परंतु त्यात दोन उणिवा राहतात. प्रोसेसर त्या काळात दुसरे काहीच करू शकत नाही, आणि पुढे वेग ४ मेगाहर्ट्झ केलात तर ४८० फेऱ्या लागतील, ज्या ८ बिटांच्या रजिस्टरात मावत नाहीत. आपल्या बोर्डावर ६५२२ (टायमर आणि मोकळ्या पिना देणारी जोडचिप) असेल तर तिचा दुसरा टायमर वापरावा. अक्षर लिहिल्याबरोबर टायमरमध्ये ६०० भरावेत, आणि थांबायचे ते पुढचे अक्षर लिहिण्यापूर्वी, ६५२२ च्या इंटरप्ट फ्लॅग रजिस्टरचा बिट ५ (वेळ संपल्याची खूण) हा १ होईपर्यंत. मधला सगळा वेळ प्रोग्रॅमला मोकळा मिळतो. संगणक सुरू होताना टायमर एकदा चालवून ठेवायला विसरू नये, नाहीतर पहिल्याच अक्षरापूर्वी प्रोग्रॅम कायमचा अडकेल.

उत्तर ३

चिपच्या सीटीएसची (‘आता पाठव’ असे समोरून सांगणारी) तार कशाला जोडली आहे, तेही पाहावे. ती उच्च पातळीवर गेली की ही चिप पाठवणे बंद करते, आणि आपण केवळ वेळ मोजत असल्याने प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच लागत नाही. ती सरळ ग्राउंडला जोडावी. समोरच्याला थांबवण्यासाठी आरटीएस ही चिपची बाहेर जाणारी रेषा वापरण्यातही हीच अडचण आहे, कारण कमांड रजिस्टरमधून ती रेषा उच्च केली की चिपचे स्वतःचे पाठवणेही बंद होते. मी त्यासाठी ६५२२ ची एक मोकळी पिन वापरतो. ग्रहणाच्या बाजूचा, अक्षर आल्याचे सांगणारा स्टेटस रजिस्टरचा बिट ३ मात्र विश्वासार्ह आहे, तो भाग बदलू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १२० फेऱ्या घातल्यावर छोट्या ओळी पूर्ण उमटल्या, परंतु लांब मजकुरात अधूनमधून अक्षर गळतच होते. सीटीएस यूएसबी अडॅप्टरला जोडलेली निघाली. ती ग्राउंड केल्यावर २ किलोबाइटचा मजकूर सलग तीनदा पाठवला, एकही अक्षर गळले नाही. आता दुसऱ्या टायमरचे काम हाती घेतो.