नाडी बांधणारा कोण?

आमच्या जुन्या गल्लीच्या ग्रुपवर रविवारी झालेली ही चर्चा. गल्ली कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. माणसं आता पुण्या-सांगलीपर्यंत पांगलेली. गुड मॉर्निंगची फुलं, जोडलेले हात आणि 'पाणी आलं का' ही चौकशी गाळली आहे. बाकी जसं पडलं तसं.

वहिनी: मामांच्या ट्रंकेत सापडला. 2019 च्या पुरानंतर माळ्यावर टाकलेली ट्रंक आज उघडली. आणखी बरेच आहेत, पण एकमेकांना चिकटलेत. हा एकच सुटा निघाला.

(फोटो कृष्णधवल. तालमीचं दार, दारापुढं सहा पोरं उभी, पाच गुडघ्यावर. उजव्या कडेला कॅरिअरची सायकल, वर खिडकी. अकरातले दहा कॅमेऱ्याकडं बघताहेत. खालच्या रांगेतला डावीकडून दुसरा मान खाली घालून बुटाची नाडी बांधतोय. वहिनी म्हणजे बापूकाकांच्या सूनबाई; सासऱ्यांना त्या मामा म्हणतात.)

बापूकाका: आयला! आपला ब संघ. मधी उभा हाय तो मी, गोलकीपर. केस बघा केस.

मनू: आजोबा, हातमोजे कुठायत?

बापूकाका: कसले मोजे. कोपराला जुन्या पायमोज्याचे तुकडे बांधलेत, दिसतंय बघ. गांधी मैदानावर डाईव्ह मारली की रात्री आई हळद लावायची.

मी: नाडी बांधणारा कोण? फोटो काढतानाच बरं सुचलं त्याला.

पिंटूदा: ते आमचं पप्पा. लेफ्ट आऊट, म्हंजे डाव्या कडेनं खेळणारं. त्या दिवशीच्या मॅचचा एकमेव गोल त्यांचा. पेपरचं कात्रण फ्रेम करून स्टुडिओत लावलंय, कुणीबी येऊन बघा.

बापूकाका: गोल म्हणजे काय गोल होता! डाव्या पायाचा, वीस-बावीस यार्डावरनं. त्यांचा गोलकीपर बघतच राहिला.

आबा: झालं ते झालं. जेवलात का सगळी?

(आबा म्हणजे आमचे मोठे काका, तेव्हाचे संघाचे मॅनेजर. सकाळी दहाला जेवणाची चौकशी करायचा त्यांचा स्वभाव नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.)

मास्तर: साल कुठलं? मी 80 म्हणतो.

मी: सायकलच्या मडगार्डवर अप्पूचं, म्हणजे एशियाडच्या हत्तीचं, स्टिकर आहे. दिल्लीचं एशियाड नोव्हेंबर 82 मधलं, म्हणजे फोटो त्याच्या फार आधीचा असूच शकत नाही.

मास्तर: बरोबर. त्या एशियाडला भारत क्वार्टर फायनलला सौदी अरेबियाकडून एका गोलनं हरला होता. आपण रेडिओ घेऊन कट्ट्यावर बसलेलो.

बापूकाका: पण सायकल माझी हाय. ते स्टिकर पुढं धा वर्सं तसंच होतं. त्यावरनं फक्त 'नंतरचा' एवढंच कळतंय.

आत्या: वरच्या खिडकीत कोण उभं आहे ते कुणाला दिसेना वाटतं. वेणी पुढं घेतलेली मी आहे. 84 च्या मे महिन्यात माझं लग्न झालं, म्हणजे त्याच्या आधीचा. आणि जर्सी नव्या दिसतात, म्हणजे कपिलदेवनं कप आणला त्या वर्षीच्या दिवाळीनंतरचा. मला विचारायचं सोडून सायकल कसली बघताय?

मास्तर: 83-84 चा सीझन. ठरलं.

मनू: थांबा, कलर करून टाकतो. एक ॲप आहे.

मनू: घ्या 👇

(दोन मिनिटांत फोटो रंगीत होऊन आला. आकाश निळं, दार तपकिरी, पोरांचे गाल गुलाबी. आणि अकराच्या अकरा जर्सी लालभडक.)

बापूकाका: मन्या!!!

मास्तर: अरेरे.

बापूकाका: लाल? आमच्या पोरांच्या अंगावर लाल? लाल मंगळवार पेठेतल्या खालच्या तालमीचा रंग. आपली निळी!

आबा: वर्ल्डकप आला की गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लावतोस, मेस्सीनं कप उचलला तवा रातभर बोंबलत फिरलास, आन स्वतःच्या तालमीचा रंग ठावं न्हाई?

मनू: मी नाही, ॲपनं केलंय 😭 त्याला काय माहीत पेठ कुठली!

पिंटूदा: पोराला बोलू नका. कृष्णधवल फिल्मवर लाल आन निळा पुष्कळदा सारख्याच राखाडी छटेत उतरतात. फोटोत रंग शिल्लकच नसतो, ॲप अंदाज मारतंय. जर्सी म्हटलं की त्याला लाल सुचला.

मी: पण निळा तरी नक्की ना? मला अंधूक हिरवं आठवतंय.

आत्या: मी रंगवलेल्या आहेत, मला विचार. जर्सी कसल्या, लक्ष्मीपुरीतनं आणलेले पांढरे बाह्यांचे बनियन होते. तयार जर्सीचे पैसे कुणाकडं होते? आबादादानं रंगाच्या पुड्या आणून दिल्या आणि म्हणाला, रात्रीत करून दे. आईला न सांगता बंबातलं उकळतं पाणी काढलं, मोठ्या घंगाळात रंग कालवला, मूठभर मीठ टाकलं आणि लाकडी दांड्यानं ढवळत बसले. बारा बनियन. एक जास्तीचा, कुणाचा फाटला तर. दोरीवर टाकले तर खाली फरशीवर निळी रांगोळी.

आत्या: घंगाळ राखेनं घासलं तरी सुटेना. आठवडाभर घरातली सगळी निळसर पाण्यानं अंघोळ करत होती. अण्णांचं धोतर निळं झालं ते झालंच. त्यांनी मला काही विचारलं नाही, बापूला बदडला.

बापूकाका: व्हय! आन मला कारण माहीत नव्हतं.

आत्या: आणि नंबर काळ्या कापडाचे कापून शिवलेले. 7 कापताना उलटा झाला, तो तसाच शिवला.

बापूकाका: मॅचला घाम आला की रंग मानेवर उतरायचा. हाफ टाइमला आमच्या माना निळ्या आन ज्येनं आम्हाला धरलं त्येचे पंजे निळे. रेफ्रीला फाउल शोधायला लई सोपं गेलं.

ऋतू: आजी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस!

(ऋतू आत्याची नात, कॉलेजच्या संघात बचावाला खेळते.)

आत्या: तू तुझी जर्सी मशिनला टाकतेस आणि वाळत घालायला मला सांगतेस. तेव्हा सांगायला हवं होतं.

वहिनी: बाकीच्या चिकटलेल्या फोटोंचं काय करू? चाकूनं सोडवू का?

पिंटूदा: वहिनी हात लावू नका!! ओढलं की वरचा थर निघून दुसऱ्याच्या पाठीला चिकटतो. आधी आहे तसा गठ्ठ्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग कमी महत्त्वाचे दोन घ्या आन स्वच्छ गार पाण्यात पसरट ताटात ठेवा. वरचा थर जिलेटिनचा असतो, पाण्यानं फुगतो आन बहुतेक वेळा आपसूक सुटतो. सुटले की चित्र वर करून सावलीत, सुती कापडावर. ऊन नको, ड्रायर नको. काचेला चिकटलेला असंल तर सोडवूच नका, काचेवरनंच फोटो काढायचा. मागं पेनाची शाई असंल तर पाण्यात घालायच्या आधी मला दाखवा.

पिंटूदा: आन इथं टाकताना डॉक्युमेंट म्हणून टाका. नुसता फोटो टाकला की तो दाबून बारीक होतो, मग तोंडं ओळखत न्हाईत.

वहिनी: बरं झालं विचारलं. पुरात घरात पाणी आलं तेव्हा मामांनी टीव्ही सोडून आधी ही ट्रंक डोक्यावर घेतली होती, तरी खालनं भिजलीच.

मास्तर: त्या ऑगस्टला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर होतं. धोक्याची पातळी 43. ट्रंक वाचली हेच नवल.

वहिनी: दोन फोटो पाण्यातनं सुटले! एक पाठवते. ह्यात पोरं गुडघाभर पाण्यात उभी आहेत. हा पण पूर का?

बापूकाका: पूर कसला, ते गांधी मैदान. पावसाळ्यात कायम तसंच. बॉल तरंगायचा, मग वॉटरपोलो.

मास्तर: होणारच. तिथं मुळात वरुणतीर्थ तळं होतं, ते बुजवून मैदान झालं. आपल्या गावाची गंमत बघा. शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वर तळं, कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई. जिथं पोहायचं तिथं आपण फुटबॉल खेळतो आणि मेथीची पेंडी घेतो. पाणी आपलं दर जूनला जुन्या पत्त्यावर येतं.

ऋतू: मास्तर, हे भारी आहे. पण मग पावसात प्रॅक्टिस?

मास्तर: पावसात तालमीत जोर-बैठका. आपल्याकडं बऱ्याच संघांच्या नावात क्लब नाही, तालीम असते, ते उगाच नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. आधी लाल माती, मग फुटबॉल. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगचा सीझन पाऊस सरल्यावर.

बापूकाका: त्येचमुळं तर कुणाला धक्का दिला की समोरचा उठायचा न्हाई.

ऋतू: आजी, मंगळवार पेठेत सून म्हणून गेल्यावर तू कुणाकडून असायचीस?

आत्या: मॅचच्या दिवशी मी कुणाकडूनच नसायचे. सकाळी सासूबाई म्हणायच्या, आज तुझ्या माहेरची जिरणार. मी चपात्या लाटायची. आम्ही हरलो तर सासरी मटण, आमच्यांचे मित्र दहा-बारा जेवायला. जिंकलो तर आमटी-भात आणि सगळी मुकी. म्हणून सांगते, माझ्याइतकं दोन्हीकडचं फुटबॉल कुणाला कळत नाही.

मी: 2017 ला तरी दोन्ही पेठा एकीकडं होत्या. अनिकेत जाधव वर्ल्डकपच्या संघात होता, सतरा वर्षांखालच्या.

आत्या: त्या दिवशी दोन्हीकडं मुकी. अमेरिकेनं तीन गोल घातले. पण आपल्या गावचं पोर भारताच्या जर्सीत बघून सासूबाईंनी टीव्हीलाच ओवाळलं.

वहिनी: डॉक्युमेंट म्हणून परत टाकतेय आधीचा. आता मोठा करून बघा.

(इथं साधारण वीस मिनिटं ग्रुप शांत. सगळे बोटांनी फोटो ताणत बसले असणार.)

आत्या: पिंटू, हे तुझे पप्पा नाहीत.

पिंटूदा: आत्या, काय पण. मी स्वतःच्या बापाला ओळखत न्हाई व्हय?

आत्या: कान बघ. डाव्या कानाची पाळी चिकटलेली आणि वर टोक. आमच्या घरात सासऱ्यांचा कान असा, ह्यांचा असा, ऋतूचा असा. हे आमचे धाकटे भावोजी आहेत.

ऋतू: आई शप्पथ. माझा कान!

मास्तर: कसं शक्य आहे? ते तर खालच्या तालमीचे. लालवाले.

बापूकाका: आबा?

बापूकाका: आबा, निळ्या टिका आल्यात, तुम्ही वाचलंय.

आबा: लिहितोय. बोटं चालत न्हाईत.

आबा: पिंटूच्या बापाला ताप होता. 103. आदल्या रात्री कळलं. दुसरा लेफ्ट आऊट न्हाई. हा पोरगा उद्यमनगरात माझ्या हाताखाली लेथवर होता, डावा पाय सोन्याचा. म्हटलं एकच मॅच, पिंटूच्या बापाच्या नावावर. कुणी बघितलं तर त्येची तालीम त्येला घरात घेणार न्हाई, म्हणून अंधारात आणला, टोपी घालून. फोटोवाल्यानं 'रेडी' म्हटलं की नाडी बांध, असं मीच सांगितलेलं.

बापूकाका: आन मला गोलकीपर असून म्हाईत न्हाई??

आबा: तुला सांगितलं असतं तर रंकाळ्यापर्यंत कळलं असतं.

मी: आणि मग पुढच्या मे महिन्यात तोच मुलाकडून लग्नाला उभा?

आबा: मांडवात समोरासमोर आलो. मी विडा तोंडात घातला, त्येनं फेटा खाली ओढला. त्या दिवसापास्नं आजपर्यंत दोघंबी गप्प. जावयाच्या घरचा माणूस, आन वर आमच्यासाठी आपल्याच पेठेवर गोल मारलेला. कुठल्या तोंडानं बोलणार?

पिंटूदा: म्हणजे कात्रणातला गोल पप्पांचा न्हाई?

मास्तर: नाव तुझ्या पप्पांचं, पाय त्यांचा.

पिंटूदा: थांबा, पप्पा घरातच हायत, विचारतो.

पिंटूदा: फोटो दाखवला. चष्मा लावला, बघितलं आन हसाय लागले. बोलत काय न्हाईत, नुसते हसतायत. आई विचारतीया काय झालं. आता त्या फ्रेमचं काय करू सांगा.

मास्तर: राहू दे. पेपरात आलंय म्हणजे खरंच.

मनू: एक बोलू का? म्हणजे माझ्या ॲपनं अकरातला एक तरी बरोबर रंगवला होता.

बापूकाका: मन्या गप.

आबा: हा विषय इथंच मिटवा. वहिनी, फोटो सगळ्यांसाठी डिलीट करा. बेबी, तुझ्या सासरच्या ग्रुपवर हे जाता कामा नये.

आत्या: दादा, ग्रुपवर नाही टाकला. भावोजींना एकट्यालाच पाठवला, मघाशीच. बघितलाय त्यांनी. 'टायपिंग' दिसतंय.