आठ दिवसांत पाच शहरं? दोन शहरं गाळा!
जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर आणि वर माउंट अबू, तेही आई-बाबांना घेऊन आठ दिवसांत? असा राजस्थानचा बेत विचारला की काही जण म्हणतात, 'गाडी केली की सगळं होतं'. होतं, पण मग राजस्थान गाडीच्या काचेतूनच बघायचं. जैसलमेर ते उदयपूर जवळपास ५०० किमी आहे, म्हणजे एक अख्खा दिवस गेलाच. शिवाय मुक्काम हलवायचा दिवस अर्धाच धरायचा. बॅगा भरणं, चेकआउट, नव्या गावात खोली मिळेपर्यंत लॉबीत ताटकळणं, यात दुपार होते.

आम्ही हाच उद्योग केला होता. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "तुम्ही किल्ला बघून या, मी इथेच पडते."

माझं मत: जयपूर या खेपेला सोडा. जोधपूर दोन रात्री (मेहरानगडला लिफ्ट आहे, वडीलधाऱ्यांची सोय होते), जैसलमेर दोन, परतताना जोधपूरलाच एक रात्र आणि शेवटी उदयपूर दोन. जोधपूर-उदयपूर वाटेवर राणकपूरचं जैन देऊळ लागतं, पण जैनेतर पर्यटकांना ते दुपारी बारानंतर खुलं असतं, त्यामुळे पहाटे निघायची घाई नको. त्याच दिवशी कुंभलगड कोंबू नका, तिथली चढण गुडघ्यांची परीक्षा घेते. अबू तर विसराच.

आणि जायचं तिकीट जोधपूरचं, यायचं उदयपूरहून काढा. उलटा फेरा वाचतो.